‘मग आता माझा काय उपयोग?’

गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्या समुपदेशन कक्षात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते आहे. ते बोलणारी माणसे मात्र दर वेळी निराळी असतात. हिंजवडीत नोकरी करणारा संगणक अभियंता, करसल्लागाराच्या कार्यालयात वीस वर्षे विवरणपत्रे भरत आलेले गृहस्थ, जाहिरातींचा मजकूर लिहिणारी पंचविशीतील मुलगी, वास्तुविशारदाकडे आराखडे काढणारा ड्राफ्ट्समन. सुरुवातीला ही मंडळी झोप लागत नसल्याचे सांगतात, ॲसिडिटी वाढल्याचे किंवा घरात विनाकारण चिडचिड होत असल्याचे सांगतात. मग ऑफिसात आलेल्या नव्या ‘एआय’ साधनाचा विषय निघतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते वाक्य येते: “मॅडम, मग आता माझा काय उपयोग?”

नोकरी जाण्याची भीती माणसे मोकळेपणाने बोलून दाखवतात. कँटीनमध्ये आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिची चर्चा रोज चालू असते. ‘उपयोग’ हा शब्द मात्र ती दार बंद झाल्यावर, आवाज खाली आणून उच्चारतात. नोकरीची चिंता आणि हा शब्द एकाच श्वासात येत असले, तरी ती दोन वेगळी दुखणी आहेत, हे मला ज्या एका व्यक्तीबरोबर काम करताना स्वच्छ दिसले, तिच्याविषयी आज लिहिते आहे. त्यांना आपण सुमेधाताई म्हणू. नाव आणि ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत, अकरा भेटींमधले मोजकेच बोलणे येथे घेतले आहे आणि हा मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी त्यांनी तो वाचून संमती दिली आहे.

सुमेधाताई एकोणपन्नास वर्षांच्या. गेली एकवीस वर्षे त्या इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतात, आणि तेही बहुतांशी वैद्यकीय कागदपत्रांचे. नव्या औषधांच्या चाचण्यांत सहभागी होणाऱ्या रुग्णांना जे माहितीपत्रक आणि संमतीपत्र वाचायला देतात, ते रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असणे कायद्याने आवश्यक आहे. वैद्यकीय चाचण्यांसंबंधीचे 2019 चे नियम तसे स्पष्ट सांगतात. रुग्णाला वाचता येत नसेल, तर एका निःपक्ष साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. मराठी मजकूर तयार झाला की अनेकदा दुसऱ्या भाषांतरकाराकडून त्याचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून घेतात आणि मूळ अर्थ टिकला आहे की नाही ते ताडून पाहतात. ही सगळी माहिती मला त्यांच्याकडूनच मिळाली. पहिल्या भेटीत त्या स्वतःविषयी थोडे आणि कामाविषयी पुष्कळ बोलल्या.

त्यांच्या व्यवसायावर यंत्राची सावली आज पडलेली नाही. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठी आली ती 2013 साली. “तेव्हा आम्ही त्यातली वाक्यं एकमेकींना पाठवून हसायचो,” त्या म्हणाल्या. 2017 मध्ये त्या सेवेने भारतीय भाषांसाठी नवे तंत्र आणले, तेव्हा हसणे कमी झाले. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि पुढच्या वर्षभरात कामाचे स्वरूपच बदलले. भाषांतर संस्थेकडून पूर्वी कोरी इंग्रजी फाइल येई, आता यंत्राने केलेल्या मराठी मसुद्यासह येऊ लागली. कामाचे नाव बदलून ‘तपासणी’ झाले आणि शब्दामागे दीड रुपया मिळत असे तेथे साठ पैसे मिळू लागले.

पहिल्या दोन भेटींत आम्ही पैशांविषयीच बोललो, आणि ते योग्यही होते. त्यांचे यजमान सहकारी बँकेत आहेत, मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सासूबाई त्यांच्याजवळच असतात. उत्पन्न निम्म्याहून खाली आले तर घरात काय काय आवरावे लागेल, याचा कागदावर हिशेब केला. हिशेब ओढाताणीचा होता, पण बुडण्याचा नव्हता. तो पूर्ण झाल्यावर माणसाचे खांदे थोडे सैल होतात, असा माझा अनुभव आहे. सुमेधाताईंचे झाले नाहीत. पैशांचा प्रश्न खरा असला तरी ज्या दुखण्याने त्यांना माझ्यापर्यंत आणले ते अजून बाहेर आलेले नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आले.

ते तिसऱ्या भेटीत आले. दिवसभराचा क्रम सांगा, असे मी म्हटले. सकाळी नऊला बसते, संध्याकाळी सहाला फाइल पाठवते, असे त्यांनी सांगितले. मधला वेळ कसा जातो, असे विचारल्यावर त्या बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

“एकला होतं काम,” त्या म्हणाल्या. “संस्थेचा मसुदा वाईट असतो. मी इंग्रजी मजकूर माझ्या फोनवरच्या एआयमध्ये घालते, त्यातून चांगला मसुदा निघतो, तो मी सुधारते. एक वाजता सगळं तयार असतं. मग मी सहापर्यंत बसून राहते.”

“काय करत बसता?”

“टाइप करते. जुन्या फाइली उघडते, काहीतरी बडवत राहते. सासूबाई बाहेर असतात ना, त्यांना आवाज यायला हवा. त्या जेवायला हाक मारतात, तर मी म्हणते, काम आहे, तुम्ही घ्या जेवून. दोनच माणसं घरात, आणि दोघी वेगवेगळ्या जेवतो.”

यजमानांनाही यातले काही ठाऊक नव्हते. एकवीस वर्षे मान वर करून काम केलेली ही बाई गेले दहा महिने स्वतःच्या घरात कामाचे सोंग करत होती. माझ्याकडे येणाऱ्या निदान निम्म्या जणांच्या पोटात असेच काही दडलेले असते. कोणी अहवाल यंत्राकडून लिहून घेतो आणि मुद्दाम दोन चुका त्यात ठेवतो. कोणी साहेबांनी शाबासकी दिली की रात्री झोपत नाही. भीतीबद्दल बोलता बोलता माणूस लाजेपाशी पोचला की समुपदेशनाला खरी सुरुवात होते, असे मी मानते.

अशा वेळी जवळची माणसे धीर देतात. “यंत्राला मन कुठे असतं?” “माणसाची जागा यंत्र घेऊ शकत नाही.” सुमेधाताईंच्या मैत्रिणींनीही तसा दिला होता. मी हा धीर देत नाही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते गोड शब्दांत सांगणे प्रामाणिकपणाचे नाही, हे एक कारण. दुसरे कारण माझ्या घरातले आहे. माझे वडील साताऱ्यात टंकलेखनाची संस्था चालवत. मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस. त्यांच्याकडून त्या गतीची प्रमाणपत्रे घेऊन मुले कचेऱ्यांत आणि न्यायालयांत लागली. हस्तचलित यंत्रावरची सरकारी परीक्षा राज्यात शेवटची झाली ती 2017 च्या ऑगस्टमध्ये. त्यानंतर वडिलांची यंत्रे वजनावर भंगारात गेली. मी त्यांना म्हटले होते, “बाबा, संगणकालाही बोटं लागतातच की.” ते म्हणाले, “बोटं लागतात गं. मी लागत नाही.” तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुढे या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर कळले की त्यांना माझे म्हणणे पटले होते, फक्त त्याने त्यांचे दुःख स्पर्शलेसुद्धा नव्हते.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 साली मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी निष्ठेने रुजवलेली ही विचारसरणी मला जवळची वाटते, याचे कारण तिची एक धीट सवय. माणूस म्हणतो, अमुक वाईट होणार. आपण सहसा ते होणार नाही हे सिद्ध करायला धावतो. ही पद्धती म्हणते, घटकाभर धरून चला की ते होईल. मग तुम्ही स्वतःला काय सांगता ते ऐकू या. भविष्याशी वाद घालून मन स्थिर होत नाही, कारण उद्या एखादी नवी बातमी आली की तो वाद पुन्हा हरता येतो.

म्हणून मी सुमेधाताईंना एक गृहपाठ दिला. पुढच्या वेळी एक पान आणा, ज्यावर यंत्राचा मसुदा असेल आणि तुम्ही लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या असतील. मजकुरातून औषधाचे आणि कंपनीचे नाव गाळून आणा, हेही सांगितले.

त्या पान घेऊन आल्या, आणि कक्षात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा लागला. यंत्राची मराठी खरोखर सफाईदार होती. पूर्वीसारखी हसण्याजोगी चूक एकही नव्हती. लाल शाई मात्र होती. एके ठिकाणी यंत्राने लिहिले होते, ‘दर तीन आठवड्यांनी तुम्हाला हे उपचार मिळतील.’ ‘उपचार’ खोडून सुमेधाताईंनी ‘अभ्यासातील औषध’ केले होते. “उपचार म्हटलं की माणसाला वाटतं, बरं करणार आहेत,” त्या म्हणाल्या. “हे औषध गुण देतं का, तेच तर अजून बघायचंय. शब्द सोपा आहे, वाचायला छान आहे, पण त्यावर सही करणारा माणूस फसेल.” थोड्या खाली दुसरे वाक्य होते: ‘तुम्हाला थेट लाभ होऊ शकत नाही.’ मूळ इंग्रजीचा आशय, लाभ कदाचित होणार नाही, असा होता. यंत्राच्या मराठीत लाभ होणे अशक्यच ठरले होते. सुमेधाताईंनी तिथे लिहिले होते, ‘तुम्हाला स्वतःला याचा फायदा होईलच असे नाही.’

मी ते वाक्य दोनदा वाचले. कुठलाही जड शब्द नाही, आशा मारलेली नाही आणि खोटी दिलेलीही नाही. मी मनापासून कौतुक केले, आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे माझी गरज आहे अजून,” त्या म्हणाल्या.

अनेक समुपदेशक येथे थांबले असते आणि ती भेट दोघींनाही सुखाची झाली असती. मला मात्र वाटले की त्या एका निसरड्या पायरीवरून दुसऱ्या निसरड्या पायरीवर उभ्या राहत आहेत. म्हणून मी विचारले, “आणि पुढच्या वर्षी यंत्राला ‘होईलच असे नाही’ हेही लिहिता आलं तर?”

चेहऱ्यावरचा उजेड गेला. मला वाईट वाटले, पण मी प्रश्न मागे घेतला नाही. बराच वेळ त्या पानाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “तर पेशंटला नीट समजेल.”

“हो.”

“ते चांगलंच आहे ना. गडचिरोलीतल्या माणसालाही नीट समजेल, सगळ्यांना समजेल.” त्या थांबल्या. “मग मला इतकं वाईट का वाटतंय?”

मी काही बोलले नाही. अशा जागी समुपदेशकाने घाई केली तर उत्तर त्याचे होते, समोरच्याचे राहत नाही.

“कारण ते मी केलेलं नसेल,” त्या म्हणाल्या, आणि रडल्या.

रडणे ओसरल्यावर मी त्यांना कोरा कागद दिला आणि म्हटले, या क्षणी मनात जे वाक्य घोळते आहे ते लिहून काढा, शोभिवंत करू नका. त्यांनी लिहिले: ‘एकवीस वर्षे मी जे शिकले त्याची किंमत राहिलीच पाहिजे, नाहीतर मी काहीच नाही.’ कागद माझ्याकडे सरकवण्याआधी, सवयीने असेल, त्यांनी लाल पेन उचलले आणि स्वतःचे वाक्य तपासायला सुरुवात केली. पेन ‘राहिलीच’ या शब्दावर आले आणि थांबले. त्यांनी ‘च’भोवती गोल केला. मग शेजारी पडलेल्या पहिल्या पानावरच्या ‘होईलच असे नाही’ या आपल्या दुरुस्तीकडे पाहिले.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “पेशंटला मी सांगते, फायदा होईलच असं नाही, तरी विचार करून निर्णय घ्या. आणि मला मात्र खात्री हवी आहे.”

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामात ‘च’ या एका अक्षराविषयी मी कितीतरी जणांशी बोलले आहे. ‘मला यश हवे’ आणि ‘मला यश मिळालेच पाहिजे’ यांत माणसाच्या रात्रीच्या झोपेएवढे अंतर आहे, हे मी शिकवत आले आहे. पण ते अक्षर कोणी स्वतः, आपल्याच व्यवसायाच्या लाल शाईने शोधून काढले, हे मी प्रथमच पाहत होते. तो क्षण आणण्यात माझ्या न बोलण्याचाही वाटा होता, याचे मला समाधान आहे.

त्या वाक्याचा उत्तरार्ध अजून शिल्लक होता: ‘नाहीतर मी काहीच नाही.’ पुढच्या तीन भेटी आम्ही त्यावर घालवल्या. हे वाक्य त्यांना कोणी शिकवले, हा शोध फार लांबचा निघाला नाही. लहानपणी आजोळी एक मामा होते, आजारपणामुळे काम न करणारे. त्यांना पान वाढताना घरातली मोठी माणसे म्हणत, “खायला काळ आणि भुईला भार.” आपल्यापैकी बहुतेकांनी हे शब्द कोणाविषयी तरी ऐकलेले असतात. ऐकताना मूल मनाशी ठरवून टाकते की काही झाले तरी मी भुईला भार होणार नाही. मग ते मोठे होते, कष्टाळू होते, लोक त्याची स्तुती करतात, आणि उपयोगी असणे म्हणजेच असणे, ही समजूत कधीही तपासली जात नाही. एके दिवशी कोणते तरी यंत्र येऊन तेच काम अर्ध्या वेळात करते आणि ती समजूत एकदम उघडी पडते. यंत्राने ती निर्माण केलेली नसते.

मी विचारले, “ते मामा खरोखर भार होते का?”

“मला गोष्टी तेच सांगायचे,” त्या म्हणाल्या. “भाषा मला त्यांच्यामुळे आवडायला लागली.” आणि लगेच पुढे, “पण गोष्टी सांगायचे म्हणून ते मोलाचे, असं म्हटलं तर तेही उपयोगच झालं, नाही का?”

इतकी नेमकी विद्यार्थिनी क्वचित लाभते. मी होकार दिला. कौशल्याचे मोजमाप करता येते, ते बाजारात चढते आणि उतरते. माणसाचे एकत्रित मोजमाप करण्याची तागडी कोणाकडेच नाही, आणि ती आहे असे समजून आपण रोज स्वतःला पारड्यात घालतो. आपले कौशल्य आज कमी दराने विकले जाते आहे, हे सत्य सुमेधाताईंना मान्य करायचे होते, त्याचे दुःख करायचे होते. त्या दराची चिठ्ठी स्वतःच्या कपाळावर चिकटवण्याचे कारण नव्हते.

दुःखाविषयी येथे थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण या विषयात ते फार दुर्लक्षिले जाते. वर्षानुवर्षे मेहनतीने मिळवलेली कला सर्वांना क्षणात मिळू लागली, की ती असलेल्या माणसाला वियोगासारखे काहीतरी वाटते. आजूबाजूचे लोक त्याला लगेच नवा कोर्स सुचवतात. कोर्स करावा, पण घरातले माणूस गेल्यावर तेराव्याच्या आधी कोणी स्थळे सुचवत नाही, इतका वेळ तरी या दुःखाला द्यावा. सुमेधाताईंनी आपल्या जुन्या, शब्दकोश उलगडून हाताने केलेल्या भाषांतरांची एक फाइल काढली आणि एका रविवारी ती यजमानांना वाचून दाखवली. एकवीस वर्षांत त्यांनी ती कधी ऐकली नव्हती.

एक बाजू मी समुपदेशनाने पुसू दिली नाही. गोपनीय मजकूर परस्पर फोनवरच्या मोफत साधनात घालणे हे संस्थेशी असलेल्या कराराच्या विरुद्ध होते. त्यात कोणा रुग्णाचे नाव नव्हते, तरी अजून जाहीर न झालेल्या औषधाची माहिती होती. “याची टोचणी कशी घालवू?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, ही टोचणी खरी आहे, ती घालवायची नसते, ती सांगते ते करायचे असते. माझ्या पद्धतीत चुकीच्या कृतीला चूकच म्हणतात. त्या एका कृतीवरून अख्ख्या माणसाला नालायक ठरवणे तेवढे नाकारतात. आपण स्वतःला नालायक मानत नाही, तेव्हाच चूक कबूल करण्याइतके बळ अंगी येते.

त्यांनी संस्थेच्या समन्वयकांना पत्र लिहिले. काय केले, कधीपासून केले, आणि यापुढे संस्था संमती देईल त्याच साधनावर काम करीन, असे साध्या शब्दांत. उत्तराची वाट पाहण्याच्या दोन दिवसांत त्यांना ताप आला. उत्तरात समज दिली होती, एका मोठ्या ग्राहकाचे काम सहा महिन्यांसाठी काढून घेतले होते, आणि शेवटी विचारले होते की यंत्राच्या मसुद्यांत कोणत्या प्रकारच्या चुका सापडतात याचे टिपण तुम्ही करून द्याल का. टिपणाचे पैसे मिळाले, फार नव्हे. दर साठ पैशांवरच राहिला. एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीसाठी मराठी संमतीपत्रे तपासण्याचे थोडे काम त्यांनी नंतर स्वतः मिळवले. पूर्वीचे उत्पन्न परत आलेले नाही, आणि येईल असे मी त्यांना कधी म्हटलेही नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मनात असाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी मला आग्रहाने सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट, काळजी आणि धास्ती यांतला फरक ओळखायला शिका. काळजी करणारा माणूस विचारतो की माझ्या दिवसभराच्या कामातले कोणते तुकडे हे यंत्र करू लागले आहे, कोणते नाही, माझ्या गाठीला किती महिन्यांचा खर्च आहे, आणि माझ्या क्षेत्रातल्या कोणाशी यावर मोकळे बोलता येईल. धास्तावलेला माणूस रात्री एक वाजता ‘या दहा नोकऱ्या संपणार’ असे व्हिडिओ पाहतो आणि सकाळी थकून उठतो. पहिली काळजी ठेवा. कागद-पेन्सिल घेऊन आठवड्यातून एक तास तिला द्या. दुसऱ्या सवयीचे काही उपयुक्त फळ मला अजून कोणाच्या हाती दिसलेले नाही.

लपवालपवी लवकर संपवा. तुम्ही यंत्राची मदत घेत असाल आणि ती घेण्याची मुभा असेल, तर उघडपणे घ्या आणि घरातही सांगा. मुभा आहे की नाही हे माहीत नसेल, तर विचारा. जे अधिकारी हे वाचत असतील त्यांनाही सांगते, तुमच्या कार्यालयात काय चालते आणि काय चालत नाही हे एका पानावर लिहून द्या. तुमच्या मौनामुळे प्रामाणिक माणसे चोरासारखी वागू लागतात, आणि ती शरम ती घरी घेऊन जातात.

यंत्राशी स्पर्धा लावून स्वतःला सिद्ध करण्याचा खेळ सोडा. त्यात आज जिंकलात तरी मन उद्याच्या हरण्याकडे लागलेले असते. नवे साधन अवश्य शिका, पण ‘नाहीतर मी संपलो’ म्हणून शिकू नका. घाबरलेल्या मनात नवी गोष्ट धड शिरत नाही, हे तर शाळेत गणिताच्या तासाला आपण सर्वांनी अनुभवले आहे. तरुणांची अडचण थोडी निराळी आहे. शिकाऊपणी जी साधी कामे करून हात बसायचा, तीच यंत्राकडे गेली आहेत. त्यांना मी सांगते की रोजचा थोडा भाग यंत्राशिवाय करा, वाईट झाला तरी करा, आणि ज्येष्ठांकडून तपासून घ्या. सुमेधाताईंचे लाल पेन चालते ते त्यांनी एकवीस वर्षे कोऱ्या कागदापासून सुरुवात केली म्हणून.

ज्यांचे काम खरोखर गेले आहे, हप्ते थकले आहेत, त्यांना केवळ ‘विचार बदला’ असे सांगणे अन्यायाचे होईल. त्यांना आधी पैशांची, ओळखींची आणि हक्काची मदत हवी. समुपदेशन त्या धावपळीत मन शाबूत ठेवू शकते, घरखर्च चालवू शकत नाही. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कशातही रस उरलेला नसेल किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर समुपदेशकाची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

सुमेधाताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी नेहमीसारखे पान आणले नव्हते. झोप कशी आहे, असे मी विचारले. कधी लागते, कधी नाही, त्या म्हणाल्या. दर पुन्हा कमी होणार अशी कुणकुण आहे आणि तशी बातमी आली की पोटात गोळा येतो. तो आता दोन-तीन तासांनी विरतो.

“काल एक वाजता फाइल तयार झाली,” जाता जाता त्या म्हणाल्या. “सव्वा वाजता पाठवून दिली. सासूबाईंनी पिठलं केलं होतं, बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी पान घेतलं. त्या म्हणाल्या, आज काम नाही का? मी म्हटलं, झालं.”